बरणीला आलेला दात

मी बरणी बोलतेय. सध्या एका स्वयंपाकघरात अगदी वरच्या फळीवर राहते, पण माझा जन्म डाळ-साखर सांभाळायला झालेला नाही. मी प्रयोगशाळेतली. माझ्या पोटात केळीची रोपं वाढायची. मातीशिवाय, उन्हाशिवाय आणि जवळजवळ आईशिवाय.

काच आहे म्हणून लपवत नाही, माझा स्वभाव जळका आहे. भट्टीत जन्मले म्हणून असेल, किंवा आयुष्यभर दुसऱ्यांची लेकरं पोटात वागवली म्हणून असेल. दोन्हीपैकी खरं कारण कुठलं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

खोक्यातून आम्ही दोनशेजणी एकदम उतरलो. सगळ्या सारख्या, जाड काचेच्या, वर पांढरं फिरकीचं झाकण. तिथल्या कामाची रीत अशी होती. एखादं निरोगी, भरघोस घड देणारं केळीचं झाड निवडायचं. त्याचा कोंब सोलत सोलत बोटाच्या पेराएवढा करायचा आणि आमच्यात घातलेल्या साखर-क्षारांच्या थलथलीत जेलीवर ठेवायचा. काही आठवड्यांत त्या एकाला आजूबाजूने फुटवे येतात आणि त्याचा झुबका होतो. मग झुबक्याचे तुकडे करायचे आणि ते नव्या बरण्यांत घालायचे. याला तिथे ‘फेरी’ म्हणत. सात-आठ फेऱ्यांत एका कोंबाची हजारो रोपं होतात, सगळी हुबेहूब एकमेकांसारखी. मग मुळं फुटली की ती बाहेरच्या शेडमध्ये, मातीत.

जाताना एकाही रोपाने कधी मागे वळून पाहिलं नाही. मुळं फुटली की कोणीच पाहत नाही म्हणतात.

या कामात एकच वैरी, जंतू. डोळ्यांना न दिसणारा एखादा जरी आत शिरला, तरी तो रोपाच्या आधी जेलीवर ताव मारतो. म्हणून आम्हाला धुऊन, जेली भरून, एका अवाढव्य प्रेशर कुकरसारख्या यंत्रात वाफवत. त्याला सगळे ‘क्लेव’ म्हणत. कापणाऱ्या बायका हाताला स्पिरिट चोळून, तोंडाला फडकं बांधून काचेच्या पेट्यांसमोर बसत. पेटीतून गाळलेली हवा सतत त्यांच्या तोंडावर येई. प्रत्येकीचा पेटीचा नंबर हेच तिचं नाव, आणि तोच नंबर तिने भरलेल्या बरणीच्या झाकणावर. म्हणजे बरणी बिघडली, तर कोणाच्या हाताने बिघडली ते लगेच कळावं.

माझी होती चार नंबर.

माझी म्हणायचा मला काय अधिकार? आहे, थोडासा आहे. ती कामाला लागली त्या दिवशी तिने भरलेली पहिली बरणी मी. तिच्या चिमट्यातला कोंब दोनदा पेटीतच पडला. शेजारच्या पेटीवरची बाई, जिला सगळे ‘रेडिओ’ म्हणत कारण ती बंदच होत नसे, म्हणाली, “अगं, ते केळीचं पोर आहे, बाँब नाही.”

“माझ्या हातून मेलं म्हणजे?”

“मेलं तर मेलं. आमच्या हातून शेकड्यांनी मेलीत. आम्ही काय सुतक धरतो?”

मेलं नाही. चार आठवड्यांनी माझ्यात सहा फुटव्यांचा झुबका उभा होता. तिने मला उजेडाकडे धरून इतका वेळ पाहिलं की मलाच लाजल्यासारखं झालं. मग पर्समधून नखं रंगवायची लाल बाटली काढून तिने माझ्या बुडावर एक ठिपका लावला. तेव्हापासून दर फेरीला ती मला हुडकून काढायची. क्लेवमध्ये ठिपका थोडा उडायचा आणि ती तो पुन्हा लावायची. सगळ्यांत सुदृढ झुबका माझ्यात ठेवायची. बाकी एकशे नव्याण्णवजणी काय जळायच्या माझ्यावर! काय सांगू, फार बरं वाटायचं.

मग तिचं स्वतःचंच पोट दिसू लागलं आणि एक दिवस ती रजेवर गेली.

सात महिने मी परक्या हातांत फिरले. ठिपका फिकट होत होत गुलाबी झाला. ज्या दिवशी ती परत आली, त्या दिवशी धुण्याच्या खोलीत मी ओट्याच्या कडेला साबणात उभी होते. ती दारातून आली ती मोबाइल पुढे धरूनच. बरण्या धुणाऱ्या मावशी हात पुसत धावल्या, रेडिओ धावली.

“अगंबाई, नाक थेट तुझंच!”

“नाही हो मावशी, सासूबाई म्हणतात त्यांच्या बाजूचं आहे.”

“म्हणू दे त्यांना. नऊ महिने त्यांनी वागवलं होय?”

ती हसली. ओट्याकडे तिची नजर गेलीच नाही. मावशींनी फोटो बघता बघता मागे हात करून मला उचललं. त्यांचा हात ओला होता, मी निसरडी होते आणि मला तो फोटो बघायचा नव्हता. यातलं नक्की कशामुळे झालं, ते मला आजही सांगता येत नाही. मी नळाच्या तोटीवर आपटले. खट् आवाज आला. तो फोटोच्या कौतुकात कोणाला ऐकूच गेला नाही.

माझ्या काठाचा तिळाएवढा टवका उडाला होता. झाकणाखाली लपेल, इतकाच.

नियम साधा होता. टवका उडालेली बरणी भंगाराच्या टोपलीत. कारण झाकण कितीही घट्ट लावलं, तरी त्या तिळाएवढ्या वाटेने जंतू आत येणारच. मला हे ठाऊक होतं. मला बोलता येत नव्हतं हे खरं, पण उजेडात चमकता तरी आलं असतं. मी अंग चोरून बसले. टोपलीत गेले तर ती मला पुन्हा कधी हातात घेणार नव्हती.

“ही घे तुझी लाडकी,” म्हणत मावशींनी मला तिच्या गाड्यावर ठेवलं. तिने सवयीने सगळ्यांत चांगला झुबका माझ्यात घातला. ठिपका मात्र लावला नाही. नखं रंगवायची बाटली आता तिच्या पर्समध्ये नव्हतीच. तिथे दुधाची बाटली आली होती.

त्या बाटलीचा मला पहिल्या क्षणापासून राग. पातळ, स्वस्तातलं प्लास्टिक, अंगावर बदकांची चित्रं. घाईघाईत घेतलेली दिसत होती. बाळाला बाटलीची सवय लागावी म्हणून आमची बाई दुपारच्या सुट्टीत दहा मिनिटांवरच्या घरी धावत जाई. परत आली की बाटली तशीच भरलेली. बाळ तोंडच लावत नसे, अंगावरच प्यायचं. मग ती डोळे पुसत बाटली घासायची, उकळायची, फुंकर घालायची. मला इतक्या मायेने कोणी कधी घासलं होतं?

जंतू माझ्यात शिरले, पण लगेच दिसले नाहीत. हे जंतू फार सभ्य असतात, पहिली फेरी गपचूप काढतात. तिने माझ्यातला झुबका कापून आठ बरण्यांत वाटला आणि तिसऱ्या आठवड्यात आठही बरण्यांत रोपांच्या बुडाशी दुधट कडं दिसू लागलं. पुढच्या फेरीला आणखी जास्त. चार-चार, चार-चार, सगळ्या झाकणांवर तिचाच नंबर.

मॅडम, म्हणजे आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख, शाळेतल्या कडक बाईच म्हणा ना, तिच्या पाठीशी येऊन उभ्या राहिल्या.

“शंभरात तीन बरण्या गेल्या, तर मी समजू शकते. अकरा?”

“मॅडम, मी हात दोनदा धुते. तीनदा.”

“हात धुतेस गं. लक्ष कुठे असतं? डब्यासारखं तेही रोज घरून घेऊन येत जा.”

रेडिओनेही आपला आवाज बारीक केला.

“हे बघ,” मॅडम जरा खालच्या आवाजात म्हणाल्या, “पुढच्या फेरीलाही असंच झालं, तर मला तुला बाहेरच्या शेडवर पाठवावं लागेल. माझ्या हातात नाही ते.”

शेड गावाबाहेर. सकाळी गाडीत बसायचं ते संध्याकाळी उतरायचं. दुपारी घरी येण्याचा प्रश्नच नाही, आणि बाळ बाटली घेत नव्हतं. म्हणजे शेड याचा अर्थ नोकरी सोडणं, हे तिलाही कळलं आणि मलाही. मी तेव्हा तरी चमकायला हवं होतं. पण मी विचार केला, नोकरी गेली तर तीही गेली, आणि चमकले तर मी टोपलीत. मग मी कोणाची? म्हणून पुन्हा गप्प बसले. जळक्या स्वभावाला हिशोब नीट जमत नाही.

तिने सगळा दोष स्वतःकडे घेतला. हात घासून घासून तिच्या बोटांची सालं निघाली. “माझ्याच अंगाला काहीतरी आहे गं,” ती फडक्याआडून रेडिओला सांगायची, “घरून बाळाच्या दुधाचे, ओकीचे जंतू इथे आणते आणि इथला स्पिरिटचा वास घरी नेते. काल बाळाने माझ्या हाताला तोंड फिरवलं. दोन्हीकडे बिघाड मीच.”

“मग घर आणि इथल्या मधल्या चौकात आंघोळ करून बघ,” रेडिओ म्हणाली. “जाता-येता.”

ती हसली आणि हसता हसता काहीतरी सुचल्यासारखा तिचा चिमटा थांबला.

आणि मग तिने ती गोष्ट केली, जी फक्त आमच्याकडची बाईच करू शकते. घरच्या उकळण्यावरचा तिचा विश्वास उडाला. एका सकाळी बरण्यांचा गाडा क्लेवमध्ये लोटताना तिने इकडेतिकडे पाहिलं, पर्समधून दुधाची बाटली काढली आणि आमच्यात, अगदी माझ्या शेजारी उभी केली. झाकण मिटलं. वाफ चढू लागली.

आम्हा काचेच्या बायांना ती वाफ रोजची. बाटलीने मात्र आधी मान टाकली. मग तिची कंबर बसली. बदकं एकमेकांत विरघळली. शेवटी एखादी म्हातारी जिन्यात बसावी तशी ती खाली खाली बसत गेली आणि तिचा एक पांढुरका गोळा झाला.

मला काय वाटलं, ते खरं सांगू? गाणं म्हणावंसं वाटलं.

क्लेव उघडला. चार नंबरने तो गोळा चिमट्याने उचलला. मावशींनी पाहिलं. रेडिओने पाहिलं. मावशींना हसू आवरेना. “अगं, आता बाळाला वाफवायचं तेवढं राहिलं,” त्या म्हणाल्या. तीही हसली, आणि मग ओट्याला धरून खालीच बसली. हसणं कुठे संपलं आणि रडणं कुठे सुरू झालं, ते मला कळलं नाही.

“आता दुपारी काय देऊ हो मावशी? मला घरी पोचेपर्यंत उशीर होणार आज.”

“वाटी-चमचा नाही का घरात? सासूला फोन कर. आम्ही काय बाटल्यांवर वाढलो?”

तिने फोन केला. सांगताना दोनदा म्हणाली, “आई, चमचा उकळून घ्या हं. वाटीपण.” पलीकडून काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही, पण तिचा चेहरा असा झाला की तिथे काही उकळलं जाणार नव्हतं हे दिसत होतं.

दुपारी ती घरून परतली ती चपापलेली. बाळ वाटीभर दूध प्यायलं होतं. आजीच्या मांडीवर, चमच्याने, हसत हसत.

“मग रडतेस काय?” रेडिओ म्हणाली. “सुटलीस की!”

“सुटलेच गं. चांगलंच झालं.” ती बोटावर स्पिरिट चोळत राहिली. “फक्त, मी दारात उभी होते ना, तर माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. आजी आणि चमचा, बस. इतके दिवस वाटत होतं माझ्यावाचून त्याचं अडतंय. आता अडत नाही, तर पोटात दुखतंय. मी कसली आई आहे?”

मी गाड्यावर होते, तिच्या कोपराला लागून. इतके दिवस मला वाटायचं की हे दुखणं फक्त माझंच, रिकामी झाल्यावर पोटात उठणारं. तिलाही तेच होतं. तिने ते निदान बोलून दाखवलं. मी मात्र झाकणाखाली लपवलं होतं आणि त्याची किंमत ती मोजत होती. त्या दिवशी पहिल्यांदा मला माझ्या त्या टवक्याची लाज वाटली. पण तोवर माझ्यात जेली भरली गेली होती, झुबका बसला होता, झाकण फिरलं होतं. शेवटची फेरी सुरू झाली होती.

चार आठवडे मी उजेडाच्या फळीवर उभी होते आणि माझ्या पोटात जे होत होतं ते मला थांबवता येत नव्हतं. फुटवे हिरवेगार, देखणे. बुडाशी मात्र तेच दुधट कडं.

मोजणीच्या दिवशी ती उशिरा आली. डोळे सुजलेले, पण चेहऱ्यावर विचित्र आनंद.

“दात आलाय,” तिने मावशींना सांगितलं. “खालचा. काल दूध पाजताना आईंचा चमचा वाजला. टिक्! पहिल्यांदा त्यांनाच सापडला. मी मग रात्री आणि सकाळी दहा वेळा बोट फिरवलं असेल हिरडीवरून. बाळ चावलंसुद्धा मला.” आणि तिने ते बोट अभिमानाने दाखवलं.

मॅडम आत वही घेऊन बसल्या होत्या. चौदा बरण्या गेल्या होत्या. शेडची गाडी सोमवारपासून, असं ठरल्यासारखंच होतं. आम्हा बिघडलेल्यांना वाफवून, रिकामं करून, धुऊन ओट्यावर पालथं घातलेलं. तिने निरोप घ्यावा तसं मला उचललं, बुडावरचा गुलाबी ठिपका शोधला.

“मावशी, ही माझी पहिली बरणी. हिच्यातसुद्धा गेलं हो.”

आणि बोलता बोलता, आपण काय करतोय हे तिच्या लक्षातही नव्हतं, तिचं बोट माझ्या काठावरून फिरू लागलं. हिरडीवरून फिरावं तसं. सावकाश, किंचित दाबत, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत. तोंडाने बोलणं चालूच होतं. फिरता फिरता बोट थांबलं. मागे आलं. पुन्हा त्या जागी गेलं.

मी या वेळी अंग चोरलं नाही. खिडकीतून जेवढा उजेड येत होता, तेवढा सगळा त्या तिळावर घेतला.

“मावशी,” ती म्हणाली, “हिला दात आहे.”

मावशींनी चष्मा कपाळावरून नाकावर ओढला. मग त्या दोघी वाद न घालता, एकमेकींकडे न बघता, सरळ मॅडमच्या खोलीत गेल्या. मी मावशींच्या पदरात.

मॅडमनी आधी माझ्या काठावरून स्वतःचं बोट फिरवलं. मग वही उघडली. कुठल्या बरणीतला झुबका कुठल्या बरणीत गेला, याची तिथे नोंद असते, वंशावळीसारखी. त्यांचं बोट ओळीओळीने मागे जात राहिलं. चौदांतल्या बारा बरण्या माझ्याच झुबक्याच्या वंशातल्या निघाल्या.

मॅडमनी पेनाचं टोपण काढलं.

“हात चांगला आहे तुझा,” मॅडम म्हणाल्या. “मी तुला लक्षावरून बोलले ते…” वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. कडक बायका करत नाहीत. वहीतली तिला शेडवर पाठवायची नोंद मात्र त्यांनी तिच्यादेखत खोडली.

त्या दिवशी साऱ्याजणींनी सगळ्या बरण्यांच्या काठांवरून बोटं फिरवली. सव्वीस निघाल्या. तेव्हापासून बरण्या क्लेवमध्ये जाण्याआधी त्यांचे काठ तपासतात, आणि ऐकलंय की त्या कामाला तिथे अजून ‘दात बघणं’ म्हणतात. आयुष्यात नाव काढलं म्हणायचं ते एवढंच.

पंचवीसजणी टोपलीत गेल्या. मला तिने उजेडात धरलं, अगदी पहिल्या वेळेसारखं.

“एवढे दिवस मी स्वतःला खात होते,” ती हळूच म्हणाली, “आणि तू गप्प?”

पण ती रागावली नाही. मॅडमना विचारून तिने मला टॉवेलात गुंडाळलं आणि घरी आणलं.

“फुटकी बरणी कशाला गं घरात?” सासूबाई म्हणाल्या. बाळ त्यांच्या कडेवर होतं.

“फुटकी नाही हो आई. दात आलाय तिला.”

“मग हिलापण चमच्याने भरवायचं का?”

दोघी हसल्या. काठ बाळाच्या हाताला लागू नये म्हणून मला सगळ्यांत वरच्या फळीवर ठेवलं गेलं. घाबरट ती घाबरटच राहिली, मधूनमधून खुर्चीवर चढून मी नीट आत सरकलेली आहे ना, ते बघते. माझ्या पोटात तिने आठवण म्हणून काय ठेवलंय, सांगू? तो पांढुरका गोळा. एका बदकाचा निळा डोळा त्यात अजून दिसतो. जिच्या नावाने मी बोटं मोडली, ती माझी सवत आता माझ्याच पोटात राहते. मुकाट्याने राहते. तिला मुळं फुटणार नाहीत, ती कुठे जाणार नाही. वाईट सोबत नाही.

स्वभाव गेलाय असं समजू नका. खालच्या फळीवरच्या डब्यांना रोज हात लागतो, ते मला खुपतं. त्या चमच्याचं तर नावच काढू नका, तो मधल्या खणात राजासारखा पडलेला असतो. पण तुमच्याकडे काही सारखं बिघडत असेल, आणि कोणीतरी गरीब बिचारी आपल्याच हातांना दोष देत बसली असेल, तर तिला म्हणावं, आधी जरा काठावरून बोट फिरवून बघ. आमच्यातली एखादी गप्प बसलेली असते.

परवा बाळाने वर बोट करून हट्ट धरला. “ती! ती!” चार नंबरने त्याला कडेवर घेतलं, दुसऱ्या हाताने त्याचे दोन्ही हात घट्ट धरून ठेवले आणि खुर्चीवर चढून त्याला माझ्यासमोर आणलं. त्याने नाक काचेला टेकवलं. आता त्याला चार दात आहेत. तोंड उघडून हसलं, तर काचेवर वाफ धरली.

इतक्या फेऱ्यांत माझ्यावर वाफ पुष्कळदा धरली, पण नेहमी आतून. बाहेरून धरलेली ही पहिलीच.

तेवढी पुसू नका.